ओंजळभर पाण्याचा बाप्तिस्मा

तुमची आई सांगत होती की तुम्ही दोघं तिला विचारता, आजी दर रविवारी आजोबांबरोबर चर्चला जायची, मग प्रभुभोजन का घेत नव्हती? फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहायला गेलो. तुमचे आजोबा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. तिथल्या मराठी घरांत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. दिवाळीच्या फराळाला सगळे आपुलकीने बोलवत, पण कुणी नवीन पाहुणी आली की माझी ओळख ठरलेली असे : "या काकू ख्रिश्चन आहेत हं, पण मराठी किती छान बोलतात बघ!" माझं मराठी माझ्या आजीकडून आलेलं, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातलं. मी हसून चकली उचलायची.

रविवारी आम्ही ज्या चर्चला जात होतो त्या मंडळीत पगारी पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता, पियानो नव्हता, नाताळचं झाडसुद्धा नव्हतं. येशूच्या प्रेषितांच्या काळी पहिली मंडळी जसं करत असे तसंच करायचं, त्यात काही घालायचं नाही आणि त्यातून काही गाळायचं नाही, असा त्यांचा नेम. दर रविवारी एकच भाकर, ती सगळ्यांनी तोडून घ्यायची, हेच प्रभुभोजन. मला ते मनापासून पटलं होतं. मंडळीची देखरेख करणाऱ्यांत एक निवृत्त गृहस्थ होते. पहिल्या हिवाळ्यात आम्हा दोघांना आणि तुमच्या आईला कोट त्यांनीच आणून दिले, बर्फात गाडी कशी चालवायची ते मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या मंडळीतले लोक एकमेकांना काही कमी पडू देत नसत म्हणतात. हे गृहस्थ अगदी तसे होते. हे आधी लक्षात ठेवा, मग पुढचं वाचा.

तुमची आई तेरा-चौदा वर्षांची असताना तिने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. त्याविषयी बोलायला ते घरी आले. मी कांदेपोहे केले होते, ते त्यांना फार आवडत. खाता खाता त्यांनी सहज विचारलं, "तुम्हा दोघांचा कुठल्या नदीत झाला?"

"नदीत नाही," मी म्हटलं. "तान्हे असताना चर्चमध्ये झाला. डोक्यावर पाणी घालून."

त्यांनी चमचा बशीत ठेवला. इतके दिवस आम्ही त्यांच्याबरोबर भाकर तोडत होतो आणि त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. भारतातले ख्रिस्ती म्हणजे नदीतच उतरले असणार, असं ते धरून चालले होते. मग त्यांनी समजावलं : बाप्तिस्मा कळत्या वयात आणि पूर्ण पाण्याखाली जाऊन घ्यायचा. पहिल्या मंडळीची रीत तीच. तसा झालेला नसेल, तर भाकर घेता येत नाही. हे ते इतक्या हळू आवाजात बोलले की मला रागावताही येईना.

"मग माझे आजोबा?" मी विचारलं. "ते तर कळत्या वयात आले होते."

माझे आजोबा आमच्या घराण्यातले पहिले ख्रिस्ती. गावाच्या विहिरीला हात लावायची आमच्या लोकांना बंदी होती. घागर घेऊन लांब बसायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, ऐन उन्हाळ्यात, माझ्या पणजीला असं मिळालेलं घागरभर पाणी होतं. त्यातलं ओंजळभर पाळकांनी आजोबांच्या डोक्यावर घातलं, आणि उरलेलं घराने प्यायलं. त्यानंतर ते कुणापुढे कमरेत वाकले नाहीत, असं माझे वडील सांगत.

मिशनच्या शाळेतल्या इंग्रजीत मी हे सगळं सांगितलं. त्या गृहस्थांचे डोळे भरून आले. बशी बाजूला सारून ते म्हणाले, "जवळ नदी नव्हती का?"

"होती. उन्हाळ्यात आटलेली. एक डोह होता, तो गावाचा."

"मग पावसाळ्यापर्यंत थांबता आलं असतं," ते अगदी मनापासून म्हणाले.

ते गेल्यावर तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, एकदा पाण्यात उतरायचंय. त्याने काय होतं?"

"तुमचं काही होत नाही. मी उतरले म्हणजे माझ्या घरात आजवर काही झालंच नाही, असं म्हटल्यासारखं होतं."

"तुझे आजोबा बघायला येणार आहेत का इथे?"

"तुम्हाला काय कळणार! तुम्ही वाढलात त्या मिशन कंपाउंडात नळ होता."

ते हसले आणि मग एकदम थांबले. "मला नाही गं त्या लोकांतून उठून जायचं. या देशात आपल्याला दुसरं कोण आहे?"

मलाही दुसरं कुणी नव्हतं.

मंडळी जमायची त्या हॉलच्या पुढच्या भागात एक हौद होता, त्यात कोमट पाणी. बाप्तिस्म्याच्या रविवारी तुमचे आजोबा आणि तुमची आई, दोघंही त्यात उतरले. मी टॉवेल घेऊन कडेला उभी होते. ती वर आली तेव्हा नाकातोंडातून पाणी गळत होतं आणि चेहरा इतका आनंदी, की मी तिचे केस पुसत बसले, दुसरं काही सुचेना. नंतर भाकरीचं ताट आलं. आधी तुमच्या आजोबांनी घेतलं, मग तिने. मग शिकवल्याप्रमाणे ताट तिने माझ्यासमोरून पलीकडच्या बाईंना दिलं.

"सॉरी, आई," ती कुजबुजली.

"नीट धर, सांडेल," मी म्हटलं.

घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "आई, तुझ्या आजोबांनी केलं ते राँग होतं का?"

"हीटर वाढव जरा," तुमचे आजोबा मला म्हणाले. "तिचे केस ओले आहेत."

मी हीटर वाढवला. "नव्हतं," मी म्हटलं. "जेवढं पाणी मिळालं तेवढ्यात त्यांचा बाप्तिस्मा पूर्ण झाला."

"देन, आज मी काय केलं?"

"तू केलंस तेही खरं."

दोन्ही खरं कसं, हे तिने विचारलं नाही. तुम्ही विचाराल. मी खूप वाचलं, पुष्कळ प्रार्थना केली, पण मला ते अजून सांगता येत नाही. माझ्या आजोबांना मी सोडलं नाही, एवढंच माहीत आहे. पण ती मंडळीही मला सोडवली नाही. नोव्हाय सोडेपर्यंत दर रविवारी मी त्याच बाकावर बसले. भाकर तोडताना तुमच्या आजोबांचा हात दर वेळी किंचित थांबायचा. मी त्यांच्याकडे न बघता समोर बघत राहायची, म्हणजे त्यांना ती घेता यावी.