कोपराकडचे बारा

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी माझ्या सासऱ्यांशी एक अक्षर बोलले नाही, आणि आम्ही दोघंही त्यात सुखात होतो.

कोरेगावाकडच्या आमच्या गावात सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, अशीच रीत होती. मामंजींना चहा हवा असला की ते दाराच्या चौकटीला सांगत. साखर संपली असली तर मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना सांगे आणि त्या ते ओसरीवर पोचवीत. आत्याबाई घरात नसल्या तर मी म्हशीला सांगायची. म्हैस ओसरीलगतच बांधलेली असे आणि मामंजींचे कान तिखट होते.

मी सांगलीची, सातवी पास झालेली. रांगोळी बरी काढायची, म्हणून आपण मोठ्या कलावंत आहोत असा माझा समज होता. (तो पुढे गेला. रांगोळी तेवढी राहिली.) लढाई चालू होती, आमचे हे पलटणीत होते. एकदा पत्रात त्यांनी लिहिलं, "इथं ज्याच्या त्याच्या मनगटावर घड्याळ आहे. मी एकटाच दुसऱ्याच्या हाताकडं बघत असतो." श्रावणात दहा दिवसांच्या रजेवर येतोय, असंही लिहिलं होतं. मी फक्त घड्याळाचं तेवढं वाचलं.

लढाईमुळं बाजारात नवं घड्याळ मिळेना. पण घरात एक जुनं होतंच! मामंजी पहिल्या लढाईत बसऱ्याला होते. तिथल्या साहेबानं त्यांना साखळीचं, चांदीच्या डबीतलं घड्याळ बक्षीस दिलं होतं. ते बंडीच्या खिशात असायचं आणि वेळ विचारली की मामंजी कवायतीच्या भाषेत सांगायचे. सहा म्हणजे "सावधान". तीन म्हणजे "उजवा हात बाजूला". आणि बारा म्हणजे "दोन्ही हात वर, दुश्मन शरण, जेवायला बसा". आम्हाला वाटे, पलटणीतली जुनी थट्टा असेल.

माझ्या डोक्यात आलं, या घड्याळाला दोन्ही बाजूंनी कड्यांसारखे कान जोडून त्यांत पट्टा ओवला की झालं मनगटी! मी ते आत्याबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी चौकटीशी नेलं. तिसऱ्या दिवशी मामंजींनी साखळी सोडून घड्याळ उंबऱ्यावर ठेवलं आणि चौकटीला म्हणाले, "पोराच्या हातात जाणार असंल तर न्या. पर मोडलं, तर म्हनावं घड्याळासंगट म्हायेरीच ऱ्हा."

तेव्हा मी चार दिवसांसाठी माहेरी निघाले ती जवळजवळ पोटाशी घड्याळ बांधूनच.

सांगलीत भावाच्या गणिताच्या वहीवर मी नकाशे काढले. तबकडीसाठी बांगडी फिरवली. एका नकाशात कानांवर मोर होते. (लढाईवर जाणाऱ्या माणसाच्या मनगटावर मोर. पण तेव्हा मला ते शोभून दिसले.) शेजारच्या सोनारांनी मोर काढून टाकले, माझ्या तोरड्यांतली चांदी घेतली आणि खरी अडचण सांगितली. साखळीच्या घड्याळाची चावी डोक्यावर असते, बाराच्या आकड्यापाशी. तिथंच पट्टा आला तर चावी पिळणार कशी?

मी म्हटलं, मग घड्याळ आडवं बसवा. चावी कोपराकडं करा. बोटांकडं केली तर बंदूक धरताना मनगटात रुतेल. केवढा माझा तो विचार! बंदूक मी जन्मात पाहिली नव्हती.

सोनार चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, चावी कोपराकडं गेली की बाराचा आकडाबी कोपराकडं जाईल. वेळ कशी कळायची?"

"आकडे आहेत ना त्याच्यावर? वाचता येणाऱ्याला कळेल," मी म्हटलं.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला विसरता येत नाही.

घड्याळ तयार झालं. खोगिराच्या कातड्याचा पट्टा लावल्यावर मनगटावर छोटीशी पुरणपोळी बांधल्यासारखं दिसत होतं. हे रजेवर आले, हातात बांधलं आणि वेळ बघायला मान कोपराकडं वाकडी केली. "झ्याक हाय," म्हणाले. दिवसातून वीस वेळा मान वाकडी करायचे. आत्याबाईंना वाटलं, पोराची मान लढाईत लचकली. त्यांनी आठ दिवस तेल चोळलं. ह्यांनी चोळून घेतलं. माझं नाव सांगितलं नाही.

रजेचा शेवटचा दिवस आला. दुपारी तीनची गाडी होती. ती चुकली तर पलटणीत हजर व्हायला उशीर, आणि लढाईच्या दिवसांत उशिराला शिक्षा होती. आठ दिवस झड लागलेली, सूर्याचं नाव नाही. रस्त्यात चिखल, म्हणजे बैलगाडीला स्टेशनपर्यंत चांगले दोन तास. आत्याबाई लेकासाठी आदल्या दिवशीच औंधाला यमाईची ओटी भरायला गेल्या होत्या, त्या पावसानं तिकडंच अडकल्या. न्याहारी झाल्यावर हे मळ्यातल्या वस्तीवर चुलत्यांच्या पाया पडायला निघाले. तेव्हा मामंजी म्हणाले, "घड्याळ हिकडं दे. आज येळ मी बघनार. बारा वाजता गाडी जुपून तुला वस्तीवरनं उचलतो. तवर निवांत बस." ह्यांनी बापाच्या मनगटावर स्वतः पट्टा आवळला.

मी चुलीपुढं दशम्या थापत होते. ओसरीवरून आवाज आला, "सात. आज घरातली कामं लय झटपट उरकली म्हनायची."

मला वाटलं, उपरोध आहे. मी जास्तच झटपट थापायला लागले.

थोड्या वेळानं जेवणाच्या सुट्टीसाठी शाळा सुटली, पोरं ओरडत गेली. मामंजी म्हणाले, "सव्वाआठला शाळा सोडली. मास्तर माजलाय." माझ्या हातातली दशमी तशीच राहिली. मग साताऱ्याची सर्विस मोटार भोंगा वाजवत गेली. ती बाराची. सारं गाव तिच्या भोंग्यावर पानं मांडायचं. मामंजी म्हणाले, "पावनेनऊलाच आली. डायव्हरकडं घड्याळ न्हाई, दुसरं काय."

आता मला उमगलं. ते घड्याळ सरळ धरून बघतायत, बाराचा आकडा कोपराकडं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही! पाव वळशानं घड्याळ सव्वातीन तास मागं दिसतंय, म्हणजे त्यांचे बारा वाजेपर्यंत खरे सव्वातीन होणार आणि गाडी स्टेशन सोडून गेलेली असणार. आणि सांगणार कोण? चौकटीची रीत मला बोलू देणार नाही, आत्याबाई औंधात.

मी म्हशीकडं गेले.

"म्हशीबाई," मी खणखणीत आवाजात म्हटलं, "बारा वाजून गेले गं. माणसांनी गाडी जुपायला पाहिजे."

ओसरीवरून उत्तर आलं, "म्हशीला घड्याळ कळत न्हाई. वैरन घाला तिला."

मी वैरण घातली. पुन्हा सांगितलं, "म्हशीबाई, बारा कोपराकडं आहेत." म्हशीनं शेपूट मारलं. मामंजी नुसतेच खाकरले. मी आत गेले, बाहेर आले, दशम्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. एक दशमी म्हशीला दिली आणि तवा रिकामाच तापत राहिला. काटा तिकडं पळत होता आणि मी चूल ते गोठा अशा येरझारा घालत होते. त्या पाव तासात मी बहुधा स्टेशनापर्यंत चालत जाऊन आले असते. खरोखर गेले असते तर निदान गाडी थांबवता आली असती.

शेवटी मी पदर डोक्यावरून खाली गेलाय हेही न बघता ओसरीवर त्यांच्यापुढं उभी राहिले.

"मामंजी, घड्याळ आडवं आहे. आकडे बघा."

तीन वर्षांतलं माझं पहिलं वाक्य, आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. मामंजी माझ्याकडं न बघता घड्याळाकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "आकडं कोन बघतं? मी काट्यांचं हातवारं बघतो."

तेव्हा कुठं माझ्या सातवी पास डोक्यात उजेड पडला. ती पलटणीतली थट्टा नव्हती. मामंजींना आकडे येतच नव्हते. साहेबानं काट्यांची कवायत शिकवली, तेवढ्यावर पंचवीस वर्षं त्यांनी गावाला वेळ सांगितली होती, आणि ती एकदाही चुकली नव्हती. चुकवली मी, अक्कल लढवून.

मी पट्टा सोडला. घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि चावी डोक्याकडं येईल असं फिरवलं. "आता बघा."

"एक हात वर. एक उजवीकडं." मामंजींनी घड्याळ डोळ्यांशी नेलं. "सव्वाबारा. आडवं कुनी केलं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच. मला वाटलं, आता घड्याळासंगट माहेरी. पण ते नुसतं "डबल मार्च!" असं गरजले. साठीचा माणूस बैलांच्याही पुढं धावला. गाडी जुपली, दशम्यांचं गाठोडं मी धावत जाऊन मागून फेकलं, आणि चिखल उडवत ते वस्तीकडं गेले.

घरात राहिलो मी आणि म्हैस. आता घड्याळही नव्हतं. तीन वाजले की नाहीत कळायला काही साधन नाही. मी तीच तीच भांडी चार वेळा घासली. शिक्षा म्हणजे नेमकं काय करतात हे मी म्हशीला विचारलं. तिला वैरण घातली. तिनं त्या दिवशी एवढी वैरण खाल्ली की संध्याकाळी दूध द्यायला उभी राहीना.

मामंजी दिवेलागणीला परतले, कमरेपर्यंत चिखल. बैल सोडले, पाय धुतले. मग चौकटीला न सांगता, सरळ मला म्हणाले, "लष्कराची पेशल पुढं काढली म्हनून गाडी अर्धा तास लेट हुती. घावली. पोरगं बसलं." पाय पुसत म्हणाले, "घड्याळ त्याच्याच हातात हाय. आवाज मोठा हाय तुजा."

मला वाटलं, ही शाबासकी. त्या दिवसापासून मी मामंजींशी बोलायला लागले. चुलीपाशी, गोठ्यात तीन वर्षं साठलेलं सगळं. सांगलीच्या घाटापासून सोनाराच्या चष्म्यापर्यंत. आकडेही शिकवले मी त्यांना, रोज, जेवतानासुद्धा. मामंजी आधी ओसरीवर ऐकायचे, मग अंगणातून, पुढं पुढं मळ्यातच राहायला लागले.

लढाई संपली, हे धडधाकट परत आले, मान जराशी कोपराकडं झुकलेली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, "आबा, सांगलीला चाललोय. सोनाराकडनं घड्याळ पयल्यासारखं करून आणतो."

मामंजी म्हणाले, "घड्याळ ऱ्हाऊ दे आडवं. हिला पयल्यासारखी करून देतो का इच्यार."

ह्यांनी सांगलीत खरंच विचारलं. सोनार म्हणाले, "ताईंना मी तेव्हाच सांगून बघितलं होतं. त्या कुठं ऐकतात?"