कोंडाजीच्या दारातला उकिरडा

भाजे गावच्या कोंडाजीला स्वतःच्या आजोळी किती विहिरी आहेत ते कधी धड सांगता आलं नाही, पण फ्रान्समधल्या एका एवढ्याशा गावाची त्याला खडानखडा माहिती होती. पहिल्या मोठ्या लढाईत तो सरकारी खेचरं हाकायला बोटीत बसून गेला, आणि एका हिवाळ्यात त्यांचा तांडा त्या गावात मुक्कामाला पडला. परत येऊन पंधरा-सोळा वर्षं उलटली तरी गडी मनाने अजून तिथेच नांदत होता. भाज्याची माणसं त्या गावाला 'कोंडाजीचं सासर' म्हणत.

मळवलीच्या स्टेशनात गाडीची वाट बघणारा कोणी त्याच्या तावडीत सापडला की त्याची सुटका नसे. "डोंगर म्हनशील तर औशिदाला न्हाई. आपला लोहगड दावला असता तर बाया भिऊन घरात पळाल्या असत्या," इथून भूगोल सुरू व्हायचा. जमीन सगळी सपाट, मधून ओढा, ओढ्याच्या कडेने बीट नावाचा कंद. तो कंद गाड्या भरभरून कारखान्यात जायचा आणि त्याची साखर निघायची. बाप्ये सगळे लढाईवर, म्हणून नांगर बायकांच्या हाती आणि त्यांच्या पायात लाकडी वहाणा. इतिहास विचाराल तर देवळाच्या शिखरावर पत्र्याचा कोंबडा होता, आणि त्या कोंबड्याने म्हणे तीन राजांच्या फौजा येता-जाता बघितल्या होत्या. ऐकणाऱ्याची गाडी निघून जायची, कोंडाजीचं गाव काही संपायचं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर त्याच्या बायकोची, सरुबाईची, काही तक्रार नव्हती. पण त्या गावची एक रीत कोंडाजीने उचलून घरी आणली. तिथे म्हणे उकिरडा गावाबाहेर नसतो. घराच्या ऐन दारासमोर असतो, चुलीपुढे बसलेल्या बाईला दिसेल असा. जेवढा उकिरडा मोठा तेवढं घर मातब्बर. सोयरीक करायला आलेला माणूस आधी उकिरडा बघतो आणि मग मुलगी.

झालं! कोंडाजीने गोठ्यातलं शेण, भाताचा पेंढा, पालापाचोळा, सगळं अंगणात रचायला घेतलं. गोवऱ्या थापायच्या म्हटलं की हा आडवा पडायचा.

"मग चूल काय तुमच्या फ्रान्सच्या जाळानं पेटवू?" सरुबाई कडाडायची.

"अगं, सोनं हाय ते. सोनं कुनी जाळतं व्हय?" असं म्हणून कोंडाजी खोऱ्याने ढिगाच्या कडा सारख्या करत बसायचा.

वर्षागणिक ढीग वाढला आणि मुलीही वाढल्या. थोरली मुक्ता लग्नाला आली. तिला बघायला आलेले पहिले पाहुणे अंगणाच्या तोंडाशीच नाकाला उपरणं लावून उभे राहिले आणि तसेच माघारी वळले. दुसरे आत आले, पण चहा न घेता गेले. जाताना गावात सांगून गेले, की पोरगी नाकीडोळी नीटस आहे, पण बाप ठिकाणावर दिसत नाही. त्या दिवशी सरुबाई गोठ्यात जाऊन रडली. शेणापायी पोर घरात राहणार, ही भीती तिच्या मनात घर करून बसली.

अशात आंदर मावळातल्या रखमाजी नावाच्या शेतकऱ्याचा, मुलासाठी मुक्ताला बघायला येतो, असा निरोप आला. भाताची खाचरं, दावणीला बैल आणि एकुलता एक, निर्व्यसनी मुलगा. असं स्थळ पुन्हा दारात येणार नव्हतं. सरुबाईने नवऱ्यासमोर उभं राहून एवढंच सांगितलं, "पाव्हण्यांच्या नदरेला उकिरडा पडला, तर मी दोनी पोरींना घेऊन म्हायेरी जाईन. मग बसा तुमी नि तुमचं सोनं."

सरुबाई उगीच बोलणारी बाई नव्हती. कोंडाजी त्या रात्री जेवला नाही. पण इतक्या वर्षांचा ढीग उचलून टाकायलाही त्याचा हात धजेना. शेवटी गड्याने काय करावं? ढीग दाबून दाबून सपाट केला, कडेने दगड लावले, वरून चिखल लिंपला आणि छान सारवला. पाहुणे यायच्या सकाळी त्यावर दोन घोंगड्या अंथरल्या आणि बायकोला हाक मारली, "ये, बघ! दिसतोय का कुटं उकिरडा?"

सरुबाईने कपाळावर हात मारून घेतला. बोलायला सवड नव्हती, पाहुणे ओढ्यापर्यंत आले होते. निदान त्यांना घरात बसवू, एवढाच तिला धीर होता.

रखमाजी आला तो गुडघे चोळतच. बरोबर मुलाचा मामा भिमाजी. माघातला गारठा, त्यात लोहगडावरून बोचरं वारं सुटलेलं. म्हातारा आंदर मावळातून चालून आलेला. समोर सारवलेला ओटा दिसला तसा त्याने 'हुश्श' करून त्यावर बैठक मारली.

"आबा, आत चला की," सरुबाई घाईने म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या, बाई. हितंच बरं हाय."

"वारं लागंल."

"वारं लागतंय, पन खालनं कशी ऊब येतीया! गुडघं मोकळं झालं माजं. काय वो पाव्हणं, ह्याच्या खाली शेगडी हाय का काय?"

"फ्रान्सची रीत हाय, आबा," कोंडाजी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. सरुबाईने दाराआडून त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कोणी जागीच गार पडला असता.

मुक्ता आली, पाया पडली, विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरं देऊन आत गेली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात भिमाजीने उठायचं म्हणून हातातली काठी घोंगडीच्या कडेला ओट्यावर टेकवली. काठी सुळकन हातभर आत गेली. बाहेर ओढली तर तिच्या टोकातून वाफ निघत होती.

भिमाजीने काठी नाकाशी नेली आणि तो ताडकन उडाला. "दाजी, उठा! उकिरड्यावर बशिवलंय तुमाला!"

कोंडाजीच्या तोंडावरची मिस्किली पार उतरली. खोटं बोलायची हीच वेळ होती, आणि नेमकं त्याला एक खोटं सुचलं नाही.

"व्हय, उकिरडाच हाय," तो म्हणाला. "आबा, लढाईत फ्रान्सच्या येका गावात मी एका म्हातारीच्या गोठ्यात ऱ्हायलो. मादाम म्हनायचो तिला. तितं बाईला आसंच म्हनत्यात. उकडल्याला बटाटा द्यायची मला. फुडं लढाई त्या गावावरनं गेली. आमी परत तितनं निगालो तवा गाव न्हवतंच. देऊळ न्हाई, कोंबडा न्हाई, भित न्हाई. निस्ता तिचा उकिरडा व्हता, वाफाळत. नि म्हातारी त्याच्या कडंला उभी. मला वळखलं नि हसली. खोरं घिऊन खत पसराय लागली वावरात. घर बांदायच्या आदी. तवापास्नं दारात ह्यो आसला की मला झोप लागती."

ही गोष्ट त्याने स्टेशनात कधी सांगितली नव्हती आणि घरातही नाही. सरुबाई दाराला धरून उभी राहिली.

भिमाजी निघायच्या तयारीत होता. रखमाजी मात्र हलला नाही. त्याने घोंगडीची कड उचलली, काठीच्या भोकात बोटं घातली आणि चिमूटभर खत तळहातावर चोळून बघितलं. काळं, भुसभुशीत.

"भिमाजी, बस खाली," तो म्हणाला. "पोरगी आमाला पसंत हाय. पन माजी येक अट हाय."

"बोला," सरुबाई कशीबशी म्हणाली.

"साखरपुड्याला मी पुन्यांदा येनार. तवर ह्यो ओटा मोडायचा न्हाई. आनि लगीन झाल्यावर ह्यातलं खत माज्या खाचरात."

लग्न झालं. वरातीमागून खताच्या गाड्या आंदर मावळाला गेल्या. भाजेगाव खो खो हसलं आणि कोंडाजीही त्यात सामील झाला. अंगण मात्र उघडं बोडकं पडलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याला धप्पकन आवाज आला. बाहेर बघतो तर सरुबाईने गोठ्यातली शेणाची पाटी दारासमोर आणून ओतली होती.

"बघता काय? धाकटीचं लगीन व्हायचंय अजून," ती म्हणाली. मग हात पुसत जवळ आली. "अवं, त्या म्हातारीचं नाव काय व्हतं?"

"मादाम."

"तसं तर तितं समद्याच बायांना म्हनत्यात, तुमीच सांगितलंत. तिचं सोताचं नाव?"

कोंडाजीने तोंड उघडलं. त्या गावात कोणाच्या गोठ्यात किती गाई आहेत हे त्याला तोंडपाठ होतं. ओढा कुठे वळतो, बीट कधी काढतात, कोंबड्याचं तोंड कोणत्या दिशेला, सगळं त्याला ठाऊक होतं. त्याने पायाने शेणाची कड सारखी केली. मग हळूच म्हणाला, "इचारायचं ऱ्हायलंच की गं."

सरुबाईने रिकामी पाटी त्याच्या हातात दिली आणि दुसरी भरून आणायला ती गोठ्यात गेली.