न वाकणारा गुडघा आणि ग्रामपंचायतीची खुर्ची

धुळ्याहून सात मैलांवरच्या त्या गावात ग्रामपंचायतीला खुर्ची एकच. ती मामलेदारांसाठी घेतलेली. पण मामलेदार वर्षातून एकदा येत, आणि कौतिकनानांचा उजवा गुडघा तीन वर्षं वाकत नव्हता. म्हणून सभेत सरपंच धनसिंगआबांसह सगळे सतरंजीवर आणि साधे सभासद नाना खुर्चीवर. खाली बसलेल्याला वर बसलेला शहाणा वाटतो. लोक अर्जही नानांच्याच हाती देऊ लागले.

असा कमावता गुडघा नानांनी बरा केलाच नसता. पण छप्पन सालच्या माघात लेकीचं लग्न ठरलं आणि धाकटा भाऊ जीवराम म्हणाला, "नाना, तुमले मांडी घालता येत नही. कन्यादान मी करसू." नानांना घास उतरेना.

शेवंताबाईंनी नवऱ्यासाठी चिनी कापडवाल्याला बोलावलं. सायकलवरून रेशीम विकणारा हा ल्यू वडिलांकडून शिकलेल्या सुयाही टोचायचा. वर्तमानपत्रांनी चिन्यांना भाऊ ठरवल्यामुळे नाना त्याला ल्यूभाऊ म्हणत. त्यानं आधी जीभ पाहिली, मग दोन्ही मनगटांची नाडी.

"दुखस गुडघा, आन जीभ काय देखस?" नाना म्हणाले.

"ठंडी, हवा, गीला, अंदर बैठ गया," ल्यू मोडक्या हिंदीत म्हणाला. "रास्ता बंद, तो दर्द. रास्ता खुला, दर्द नहीं."

नानांना पटलं. चारीत गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, हे कळायला पोथी कशाला लागते?

पंधरा दिवस केसासारख्या सुया टोचून झाल्या. दवण्यासारख्या वासाचा वाळका पाला गुडघ्याजवळ धुमसवून झाला. शिवाय रोज पांझरा नदीपर्यंत चालायचं, आणि ते शेवंताबाईंनी एकही दिवस चुकू दिलं नाही. गुण सुईचा, पाल्याचा की बाईंच्या धाकाचा, ते ठरलं नाही. गुडघा मात्र वाकला.

मांडवात नानांनी मांडी घातली. लेकीचा हात हाती घेताना त्यांचे डोळे भरले.

"दुखस का, नाना?" तिनं हळूच विचारलं.

"नही, माय."

समोरच बसलेल्या धनसिंगआबांनी ते ऐकलं.

पुढच्या सभेला नाना काठी टेकत, लंगडत आले. खुर्चीवर आबा होते.

"कंबरमा उसण भरनी," आबा म्हणाले. "तुम्ही बसा खाले. मांडी झकास घालतस, बठ्ठा गावनी देखी."

नाना बसले. मेल्या गुडघ्यानं साधी कुरकुरही केली नाही.

"आबा, ल्यूभाऊ अजून धुळ्यातच शे. धाडू का?"

"सुया टोचस ना तो?"

"कंबरले लांब लागतीन. पन पंधरा दिवसमा मोकळी."

आबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "राहू द्या. इतकी काही दुखत नही."