मंजुळाबाईंची डाळ शिजेना

विहिरीवरचं ते भांडण मंजुळाबाईंनी नवी नवरी असताना खिडकीआडून ऐकलं होतं. माझगावच्या त्यांच्या वाडीत विहिरीला नुकताच पंप बसला होता. शेजारच्या रमाबाई मंजुळाबाईंच्या सासूला म्हणत होत्या, "जास्ती उपसू नको गो, दर्या आत येतलो."

सासूने पदर खोचला. "तो तुझ्या तोंडात कधीचो इलो आसा."

वाडी हसली. मंजुळाबाईही हसल्या, तोंडाला पदर लावून.

पुढे नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि त्यांनी वरणभाताचे डबे सुरू केले. चाळीस वर्षं चालले. संशय मात्र स्वयंपाकात फोडणीसारखा रोजचा. वाणी जुनी डाळ खपवतो, भाजीवाली जुडीत गवत घालते, असं काहीबाही. सत्तरीनंतर डॉक्टरांनी बीपी काढलं, मीठ तोडलं, आणि संशय थेट घरात शिरला. जेवण अळणी, तरी आकडा चढताच. ओट्यापाशी आता सून होती, शेफाली.

"हीच घालते गुपचूप," त्या मुलाला, केतनला म्हणाल्या. केतनने चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटलं, तो तेच शोधत बसला.

मिठाची बरणी कपाटात, कुलपात गेली. डब्यांपुरतं मीठ शेफालीने वाटीत मागून घ्यायचं. तरी बाईंचे पाय सुजले. डॉक्टर उलट त्यांनाच म्हणाले, "आजी, लोणचं लपवून खाता ना?" त्यात डबेवाले कुरकुरू लागले, डाळ कच्ची लागते. चार डबे सुटले.

"ओट्याला हात लावू नकोस," त्या शेफालीला म्हणाल्या. "माहेरी जा."

"जाते, आई. आधी तुम्ही शिजवून दाखवा. बिनमिठाची."

सहा शिट्ट्या झाल्या. डाळ वाळूसारखी तळाशी. बाईंनी कुकरवर संशय घेतला आणि त्याच डब्यातली मूठभर कोरडी डाळ पदरात बांधून पलीकडच्या गल्लीत भाचीकडे, मेघनाकडे गेल्या. तिथे तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी. मेघनाचा कुकर तर त्यांच्या कुकरहून जुना. वेगळं होतं ते फक्त पाणी.

त्यांना ती खिडकी आठवली, आणि रमाबाईंचा दर्या.

वाडीचा पंप आता रमाबाईंचा मुलगा दौलत बघायचा. भर दुपारी पंप चालू होता आणि त्याचा पाइप नळाच्या टाकीत.

"दौलत, विहिरीचं सोडतोस?"

"नळाला येतंय कुठे, मावशी? थोडंसंच मिसळतो. कोणाला कळलं आजवर?"

"डाळीला कळलं. तुझ्या आईला तर पन्नास वर्षांआधीच कळलेलं."

आता नाही सोडणार, तो म्हणाला. त्यांनी मान डोलावली, विश्वास ठेवला नाही. घरी येऊन कुलूप काढलं, बरणी ओट्यावर ठेवली.

"मीठ तू घाल," शेफालीला एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून डब्यांचं आणि प्यायचं पाणी मेघनाकडून, पाच लिटरच्या कॅनने. शिवाय रोज सकाळी मूठभर डाळ वाडीच्या नळाच्या पाण्यात, दौलतची परीक्षा म्हणून. तो कधी पास व्हायचा, कधी नापास.

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. त्या सकाळीही कॅन घेऊन निघाल्या होत्या.

"आज केतन आणेल," शेफाली म्हणाली.

"तो दिसेल त्या नळाचं भरेल."

वाटेतल्या दारांच्या ओट्यांवर दोनदा टेकत, कॅन भरून परतल्या. थेंबभर पाणी जिभेवर घेतलं, कॅन शेफालीपुढे ठेवला, आणि नळाखाली पातेलं धरून मूठभर डाळ त्यात टाकली.