पोटातली थंडी आणि गुरुवारच्या सुया

माझ्या गर्भाशयात थंडी साठली आहे ही बातमी मला मे महिन्यात, तुळजापुरात, भर दुपारी मिळाली. पंखा गरम हवा अंगावर फेकत होता, खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नव्हती, आणि समोरच्या बाई माझ्या दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून डोळे मिटून सांगत होत्या, "थंडी आहे. खूप आत. बऱ्याच वर्षांची दिसते."

जळकोटच्या पत्र्याच्या शाळेत चौथीचा वर्ग घेणाऱ्या माझ्यासारख्या बाईला कुणी थंडी आहे म्हणालं, तर खरं म्हणजे तिनं आभार मानायला हवेत. पण मला बोलता येत नव्हतं. त्यांना माझी जीभही बघायची होती, म्हणून मी तोंड उघडून बसले होते.

बाई चिनी नव्हत्या. चांगल्या सोलापूरच्या होत्या, आणि दर गुरुवारी तामलवाडीवरून येणाऱ्या एसटीनं यायच्या. कवड्यांच्या माळा विकणाऱ्या दुकानावरच्या खोलीत दोन खाटा, मधे एक पडदा, आणि भिंतीवर एका टकलू माणसाचं चित्र. त्याच्या अंगभर ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याशी न वाचता येणारी अक्षरं. एवढ्या भांडवलावर सगळा तालुका त्यांना 'चिनी डॉक्टरीण' म्हणायचा. मला त्यांचा पत्ता शाळेतल्या एका सहकारी बाईंनी दिला. त्यांच्या जावेला म्हणे सुया टोचल्यावर तीन महिन्यांत दिवस गेले. जाऊबाई त्याच काळात सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातही जात होत्या, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. क्षुल्लक गोष्ट, विसरल्या असतील.

तोवर लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझं माहेर परंड्याकडचं, त्यामुळं सोनारीच्या काळभैरवाला आईनं नवस बोलून ठेवलेला होता. सासरच्यांचा महादेव वेगळा, त्याला वेगळा. सोलापूरला माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहून झालं. सगळं ठीक निघालं. ठीक निघालं म्हणजे दोष कुठंतरी लपून बसलाय, असा घरच्यांनी अर्थ काढला, आणि माझीच तपासणी नव्यानं सुरू झाली.

नवऱ्याचं हायवेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरची जळालेली मोटार आली की तो आधी मीटर लावतो आणि दोष कुठं आहे ते बघतो, अंदाजानं वाइंडिंग कधी उपसत नाही. मी एकदा म्हणाले, "तुम्हीही एकदा तपासून घ्या की."

"मला काय झालंय? पाच एचपीची मोटार एकटा उचलतो मी."

आमच्या भागात पुरुषाची तपासणी ही अशी होते. तिचा अहवाल जागेवर मिळतो.

तर थंडी. ती घालवायला बाईंनी पथ्य लिहून दिलं. दही बंद, कलिंगड बंद, माठातलं पाणी बंद, पाय कायम झाकलेले. मी मे महिन्यात लोकरीचे मोजे घातले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर चपलेत मोजे बघून पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमाला ताप आलाय व्हय?" मी म्हणाले, नाही, मला थंडी आहे. तिनं बाहेरच्या उन्हाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. चौथीच्या मुलीच्या नजरेत मी तेवढी दया त्याआधी बघितली नव्हती.

पथ्याच्या कागदावर हाडांचं सूपही होतं. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, तो शब्द माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"कशाचं?"

"हाडांचं, आत्या."

"त्या बाईला म्हणावं, आमच्या घरात हाडं फकस्त माणसांची हायत."

पुढच्या गुरुवारी बाईंनी मोठ्या मनानं सुपाऐवजी हुलग्याचं माडगं मंजूर केलं. चिनी वैद्यकात हुलग्याचं माडगं बसतं, हे मलाही त्याच दिवशी कळलं. शिवाय रोज कोमट पाण्यातून घ्यायच्या तपकिरी पुड्या होत्या. आत्यांनी एक चिमूट जिभेवर ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ह्यो जेष्ठमध. ही दालचिनी. ह्ये आणाया चीनला कशाला गेली ती?"

आत्या दर गुरुवारी माझ्याबरोबर यायच्या. पहिल्या वेळी राखण म्हणून आल्या. अनोळखी बाई सुनेच्या पोटात सुया खुपसणार, तर कुणीतरी घरचं हवं. जिना हळूहळू चढून माझ्या बऱ्याच मागून वर आल्या आणि धुराचा वास आल्याबरोबर दारातच थबकल्या. बाई एक जळती कांडी माझ्या बेंबीखाली, कातडीपासून दोन बोटं अंतरावर धरून बसल्या होत्या.

"गांजा हाय का काय?"

"नाही हो आजी, वनस्पती आहे. आपल्या दवण्याच्या नात्यातली."

दवणा म्हटल्यावर आत्यांचा विरोध संपला. दवणा महादेवाला चालतो, तर सुनेला का चालू नये? त्या टेकल्या आणि बसता बसता गुडघा धरून कण्हल्या. झालं. बाईंनी त्यांना पलीकडच्या खाटेवर आडवं केलं आणि पडदा ओढला. त्यानंतर अलीकडं माझी थंडी आणि पलीकडं आत्यांचे गुडघे, असा उपचार सुरू झाला. दोन महिन्यांत आत्या आमच्या घराचा जिना कठडा न धरता चढायला लागल्या. माझ्या बाबतीत महिन्याच्या महिन्याला जे यायचं ते वेळेवर येत राहिलं. अगदी तारीख न चुकता. बाई म्हणाल्या, "बघा, चक्र किती नियमित झालं!" ते आधीही नियमितच होतं.

पण एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी खोटी ठरेन. कपाळावर एक, पोटावर चार, पावलांवर दोन सुया घेऊन मी त्या खाटेवर पडायचे तेव्हा मला झोप लागायची. गाढ, लहानपणीसारखी. सुई दुखायची नाही, मुंगी चावल्यासारखं व्हायचं आणि मग तिथं जड वाटायचं. सहा वर्षांत मला कुणी अर्धा तास काहीही न विचारता, काहीही न सुचवता पडू दिलं नव्हतं. मी गुरुवारची वाट बघायचे ती बाळासाठी, असं मी सगळ्यांना सांगत होते.

ऑगस्टमध्ये बाईंनी विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?"

मी पडद्याकडं बघितलं. पलीकडून आत्यांचा आवाज आला, "त्येला काय न्हाय झालेलं."

"आजी, मला कागद बघू द्या. कागदाशिवाय मी पुढच्या सुया लावणार नाही."

सहा वर्षांत डॉक्टर, वैदू, भटजी, शेजारीण, यांतल्या कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता किंवा विचारायचं धाडस झालं नव्हतं. थंडी शोधणाऱ्या बाईला तो सुचला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आश्चर्य म्हणजे त्यानं वाद घातला नाही. एक दिवस सोलापूरला जाऊन आला.

"काय म्हणाले?"

"सगळं व्यवस्थित."

"कागद?"

"तोंडीच सांगितलं लॅबवाल्यानं. कागद नंतर देतो म्हणाला."

गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली, हे वाक्य मी वर्षाचे दोनशे दिवस ऐकते. कोण खरं बोलतंय ते मला डोळ्यांवरून कळतं, असा माझा शाळेत लौकिक आहे. मी नवऱ्यावर विश्वास ठेवला. बाईंनीही कुरकुरत तोंडी रिपोर्ट चालवून घेतला.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी दुकान साफ करायला मी गेले होते. नवरा गाडीतून तांब्याच्या तारेची बंडलं उतरवत होता. टेबलाच्या खालच्या खणात मोटारींच्या वॉरंटी कार्डांचा गठ्ठा होता, त्यात एक घडी घातलेला कागद. वर त्याचं नाव. खाली शुक्राणूंची संख्या, आणि संख्येसमोर 'फारच कमी' या अर्थाचा इंग्रजी शेरा. मला वाटलं, ऑगस्टचा असेल. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

माझ्या नळ्यांची तपासणी झाली त्याच्याही आधीची. त्या दिवशी मी वेदनेनं टेबलाची कड धरून ठेवली होती, आणि तो बाहेर बाकड्यावर बसला होता आणि नंतर मला बिस्कीटपुडा आणायला गेला होता. तेव्हा त्याला माहीत होतं. मी सोनारीला अनवाणी गेले तेव्हा माहीत होतं. मी लोकरीचे मोजे घातले तेव्हा तो हसला होता.

मी कागद पर्समध्ये टाकला, खण पुसला, पूजा केली. करंज्या तळल्या. त्या चांगल्या झाल्या होत्या, सगळे म्हणाले.

पुढच्या गुरुवारी बाईंनी आधी आत्यांना पलीकडं सुया लावल्या, मग माझ्याकडं आल्या. मी आडवी झालेच नाही. कागद पुढं केला. बाईंनी चष्मा लावून वाचला, तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीत."

"आणि त्यांना?"

"तारीख आहे की."

बाईंनी कागदाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या माणसाला सुया टोचल्या."

त्या खोलीत हळू आवाजाला अर्थ नव्हता. पडद्यापलीकडची खाट करकरली. "काय लिवलंय त्यात? ए, काय लिवलंय?"

"आजी, हलू नका! सुया आहेत!"

आत्यांच्या दोन्ही गुडघ्यांत आणि दोन्ही हातांत मिळून दहा सुया होत्या. त्यांना उठताही येईना आणि पडूनही राहवेना. मी पडदा सरकवला. त्या छताकडं बघत होत्या. मी सांगितलं. एका वाक्यात सांगून झालं. ते वाक्य सांगायला तीन वर्षं लागावीत इतकं लांब नव्हतं.

आत्या सुया काढायची वेळ होईपर्यंत तशाच पडून राहिल्या. डोळ्यांतलं पाणी कानाकडं वाहत होतं आणि हात हलवायची परवानगी नसल्यामुळं त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी पदरानं पुसलं. मला त्यांचा राग आला होता, तरी पुसलं.

बाई निघताना म्हणाल्या, "सुयांनी हे सगळं भरून निघेल असं मी म्हणणार नाही. आधी त्यांना मोठ्या डॉक्टरला दाखवा." आणि मग सवयीनं म्हणाल्या, "पण त्यांनाही गुरुवारी आणा."

एसटीतून जळकोटच्या फाट्यावर उतरल्यावर आत्या घराकडं वळल्याच नाहीत. त्या हायवे ओलांडून दुकानाकडं चालायला लागल्या, आणि त्या गुडघ्यांनी इतक्या वेगानं, की मला मागं पळावं लागलं. दुकानात दोन शेतकरी बसले होते. आत्यांनी त्यांना हात जोडून बाहेर पाठवलं.

"तीन वर्सं," आत्या मुलाला म्हणाल्या. "माझ्याम्होरं हिला वांझ म्हनत्यात लोक. म्या बी म्हनले. तू ऐकत व्हतास."

तो हातातला पाना खाली ठेवायचा विसरला होता. "मला वाटलं," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "नवसानं, औषधानं, सुयांनी, कशानं तरी होऊन जाईल. मग सांगायची वेळच येणार नाही."

म्हणजे माझ्या सगळ्या उपासतापासांवर घरात सगळ्यांत जास्त श्रद्धा त्याचीच होती. मी तसं बोलून दाखवलं. मग पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा तो मला आत्यांमार्फत कळवायचा.

सोळाव्या दिवशी तो स्वतः सोलापूरला गेला आणि या वेळी कागद घेऊन आला. अंडकोशातल्या शिरा फुगल्या होत्या, छोटं ऑपरेशन झालं. त्यानंतर बाईंकडंही आला. पाच एचपीची मोटार एकट्यानं उचलणारा माणूस पहिली सुई घोट्यात शिरल्यावर बेशुद्ध पडला. बाईंनी त्याचे पाय वर केले, आत्यांनी पाणी मारलं. मी भिंतीवरच्या टकलू माणसाकडं बघत उभी राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याविषयी मायाही वाटत होती.

संख्या थोडी वाढली. आम्ही दवाखान्यात दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा झालं नाही. तिसऱ्यांदा करायचं नाही असं मी म्हणाले, आणि या घरात माझं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य झालं.

त्या वर्षी एका बारशाला आत्यांची बहीण सीमेपलीकडून आली होती. दोघी बहिणी आपसात नेहमी कानडीच बोलतात. मला कानडी येत नाही, पण 'मक्कळु इल्ला', म्हणजे मुलं नाहीत, एवढं मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून येतं. मावशीबाईंनी पाळण्याजवळ ते म्हटलं आणि माझ्याकडं बघून चुकचुकल्या. आत्यांनी बायकांनी भरलेल्या त्या खोलीत मोठ्यानं मराठीत उत्तर दिलं, "हिच्यात काय बी न्हाय. माझ्या ल्योकात हाय. आता घुगऱ्या घ्या." घुगऱ्या पटापट संपल्या.

सध्या आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं आहे. वाट बघायची रांग लांब आहे. मागच्या महिन्यात चौकशीसाठी एक ताई घरी आल्या, स्वयंपाकघर बघितलं, आत्यांना विचारलं, "नातवंडाकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?" आत्या म्हणाल्या, "जिना चढताना हात धरू द्यावा." मग ताईंनी कागदांची यादी दिली. तिच्यात वैद्यकीय दाखला होता. मी सवयीनं विचारलं, "माझा ना?"

"दोघांचा," ताई म्हणाल्या. "नियमच आहे तसा."

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी तयार होऊन दारात उभा होता.