झोपाळ्यावरून लक्षद्वीपला

माझ्या बायकोने आयुष्यात फळ्यावर इतक्या वेळा लक्षद्वीप काढलंय, की तेवढ्या खडूची भुकटी अरबी समुद्रात एका जागी ओतली असती तर तिथं आणखी एक बेट वर आलं असतं आणि एव्हाना त्यावर नारळही लागले असते. दिंडोरीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत ती शिकवायची. आधी भारताचा नकाशा, मग केरळच्या डाव्या अंगाला खडूची टिंबं. टक, टक, टक. दरवर्षी कुणीतरी पोरगं विचारणार, "बाई, तुम्ही गेलात का हो तिथं?" आणि दरवर्षी ही सांगणार, "जाणार आहे."

यंदा ती निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून एक माजी विद्यार्थी उठला. आता त्याची स्वतःची द्राक्षबाग आहे, मिश्या तर अशा की त्यावर वेल चढवावा. तो म्हणाला, "बाई, ते टिंबांचं राहिलंच की! गेल्या का मग?" सगळी शाळा हसली, हीसुद्धा हसली. पण परतीच्या एसटीत नाशिकच्या वेशीवरचं म्हसरूळ येईपर्यंत ती खिडकीच्या काचेवर बोटाने टिंबं काढत होती. म्हसरूळला मला म्हणाली, "अहो, जाऊ या."

बस्स! मला एवढंच पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला सांगितलं तेव्हा आम्ही दोन बेटं बघणार होतो. भाजीवालीपर्यंत पाच झाली. इस्त्रीवाल्याकडे पोचलो तोवर जहाजाच्या कप्तानाचा मला फोन येऊन गेला होता आणि एक बेट आमच्या नावावर व्हायचं तेवढं बाकी होतं. माझी सगळी नोकरी अंबडच्या कारखान्यात झाली, तिथं मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा इकडचा तिकडे चालत नसे. त्यामुळे घरी आल्यावर मी मापाच्या बाबतीत जरा सैल असतो.

कॉलनीने लगेच मागण्या नोंदवल्या. कुणाला शंख हवा, कुणाला मासा हवा पण शाकाहारी, म्हणजे शोभेचा. शेजारच्या काकांनी बाटलीभर समुद्र मागितला. हे काका एसटीत कंडक्टर होते, हिच्याच शाळेच्या मार्गावर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही लिफ्टमध्ये शिरले की "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात.

हिची तयारी वेगळी. भाजणी दळून आणली, चिवडा केला, मेतकूट झालं. मग एक दिवस मेन रोडवरून हिरवा खण घेऊन आली आणि नारळासोबत देवघरात ठेवला.

"हे कशाला?"

"समुद्राची ओटी भरायला."

"अगं, लक्षद्वीपला नारळ घेऊन जाणं म्हणजे नाशकात कुणी द्राक्षं घेऊन येणं!"

"पहिल्यांदा जातोय त्याच्या दारी. रिकाम्या हाताने जाऊ?"

नारळ तसाच राहिला. रोज सकाळी पूजा करताना ती त्या खणाची घडी उगाचच नीट करायची. नीट असलेली घडी पुन्हा नीट.

आणि मग पुण्याहून लेकीने तो व्हिडिओ पाठवला. हौसेनेच पाठवला बिचारीने. मोठं जहाज काही बेटाला लागत नाही, ते दूर खोल पाण्यात उभं राहतं. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतो, खाली छोटी होडी येऊन भिडते, आणि ती होडी वरखाली होत असताना माणसाने त्या दारातून तिच्यात पाय टाकायचा. दोन माणसं दंड धरतात, एक लाट वर येते, "हां!" म्हणतात आणि माणूस होडीत. लेकीने खाली लिहिलं होतं, "आई, किती मज्जा!"

हिने तो व्हिडिओ एकदाच पाहिला. फोन पालथा ठेवला आणि कणीक मळायला गेली. दुसऱ्या दिवशी देवघरात नारळ होता, खण नव्हता. तो कपाटात गेला होता, साड्यांच्या खाली.

त्यानंतर कारणं सुरू झाली. आधी मार्गशीर्षातले गुरुवार आडवे आले. मग भाचीचं लग्न. मग, "बागांची काढणी होऊ द्या, भावाकडं माणूस लागतं." भावाकडे आजवर आम्ही काढणीला गेलो ते फक्त खायला.

मला कारण ठाऊक होतं. हिचं माहेर कळवणकडचं. लहानपणी गिरणेला पाणी वाढलं असताना ही बैलगाडीतून नदीत पडली, आणि हिच्या चुलत्याने वेणीला धरून ओढून काढली. ही गोष्ट सांगताना मी त्यात एक मगर घालतो, पण मगर नव्हती. तेव्हापासून पाणी म्हटलं की हिचा हात आपोआप वेणीवर जातो. गोदावरीवरसुद्धा पायरीवर बसून तांब्याने पाय भिजवते. नवल एवढंच, की शाळेच्या वाटेवर एक ओढा होता, पावसाळ्यात गुडघ्याला लागायचा, आणि त्यातून चिल्लीपिल्ली हात धरून हीच पलीकडे न्यायची. कशी नेत असेल, देव जाणे. मी विचारलं की म्हणायची, "पोरं होती ना बरोबर."

तर मी ठरवलं, हिची भीती आपण घरीच काढायची. आमच्या हॉलमध्ये शिसवी झोपाळा आहे. झोपाळा म्हणजे होडी. शेजारचा दिवाण म्हणजे जहाज. काकांना बोलावलं, कारण डबल बेल दिल्याशिवाय आमच्याकडे कुठलंच वाहन सुटत नाही. त्यांनी देवघरातली घंटा उचलली आणि जहाजाचा ताबा घेतला.

"बाई, पुढच्या दाराने उतरा. सुट्टे पैसे तयार ठेवा."

"काका, तुम्हीसुद्धा?" ही पदराला हात पुसत दारात उभी. "काय पोरखेळ चाललाय हा?"

"पोरखेळ कसला! शास्त्रीय सराव आहे," मी दिवाणावर चढत म्हणालो. "हे बघ, यात काही नसतं. मी कॉलेजात असताना गंगापूर धरण आडवं पोहून गेलोय. एका हाताने. दुसऱ्या हातात भेळेचा पुडा होता, वर धरलेला, शेव मऊ पडली नाही."

"मागच्या वेळी कणीस होतं."

"ते येताना!"

काकांनी झोपाळ्याला एक झोका दिला. दोनदा घंटा वाजवली. मी कप्तानासारखी छाती काढली, उजवा पाय उचलला आणि "हां!" म्हणालो.

पुढचं मी कितीही फुगवून सांगितलं तरी घडलं त्याहून कमीच वाटेल. होडी गेली खिडकीकडे. मी गेलो खाली. जाताना आधाराला काका धरले, काकांनी पडदा धरला, पडद्याने कुणालाच धरलं नाही. घंटा फरशीवर घरंगळत बराच वेळ वाजत राहिली.

ही धावत आली. घोटा टरारून सुजला होता. काका पडद्यातून बाहेर येत म्हणाले, "गाडी फेल. प्रवाशांनी मागच्या गाडीने यावं," आणि घरून हळद-तुरटी आणायला गेले.

ही माझा पाय मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं आता हसेल. पण ती झोपाळ्याकडे बघत होती आणि हात वेणीवर होता. हळूच म्हणाली, "बघितलंत? म्हणून म्हणते, राहू द्या. फळ्यावरचं काय वाईट होतं?"

माझ्या जिभेवर चार-पाच थापा तयार होत्या. एकाहून एक सरस. एकीत तर डॉल्फिन होता. पण तिच्या तोंडाकडे बघून एकही निघेना.

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"काय?"

"धरणात मी कधी कमरेच्या वर उतरलो नाही. भेळ काठावर खाल्ली. तो व्हिडिओ बघितल्यापासून मलाही भीती वाटतेय. त्या दारात उभा राहिलो ना, तर माझा पाय उचलणार नाही, खरंच सांगतो."

"मग हे सगळं कशाला?"

"तू जाणार आहेस म्हणून."

ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. डोळे पुसले. आणि एकदम तिचा आवाज बदलला. हा आवाज मी घरात फारसा ऐकलेला नव्हता, तो शाळेतला होता.

"म्हणजे तुम्हाला धरायला माणूस लागणार."

"लागेलच."

"मग आधी का नाही सांगितलं?"

तिने माझा पाय उशीवर ठेवला. पदर खोचला. दिवाणावर चढली. तेवढ्यात काका वाटी घेऊन आले. ही म्हणाली, "काका, झोका द्या. चांगला द्या, म्हाताऱ्याचा नको."

"बाई, आता तुम्ही..."

"मी काय म्हातारी शे का?" कळवणची बोली बाहेर आली म्हणजे समजावं, आता ही ऐकत नाही.

काकांनी झोका दिला. झोपाळा गेला, आला, गेला, आला. तिने तो येऊ दिला, घाई केली नाही. मग साखळी पकडून सहज पाय टाकला, जशी रोज एसटीत चढायची तशी. झोपाळ्यावर उभी राहिली. वेणीवरचा हात सुटला होता. तो तिने माझ्याकडे पुढे केला, मी खाली फरशीवर लोळागोळा होऊन पडलेलो असताना.

"या. पाण्याकडे नाही बघायचं. माझ्याकडे बघायचं."

फरशीवर पाणी कुठलं असणार! पण मी बघितलं नाही. तिच्याकडेच बघितलं. झोपाळा हळूहळू थांबेपर्यंत हात धरून ठेवला. काकांनी वाटी खाली ठेवली, घंटा शोधली आणि दोनदा वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या वेळी मी लंगडत देवघरात गेलो. खण नारळाशेजारी परत आला होता. ती त्याची घडी नीट करत होती. चिवडा मात्र एवढ्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून संपवला होता, तो आता पुन्हा करावा लागणार.