शेवटच्या षटकाचा धाऊ

आमच्या पाड्यावरच्या धाऊला क्रिकेटमधलं एकच षटक माहीत होतं, शेवटचं. टेनिस बॉलचा सामना आठ षटकांचा असे. पहिली सात षटकं कॅप्टन त्याला सीमारेषेवरच्या आंब्याखाली उभा करी. उभा आपला नावाला. धाऊ बुंध्याला टेकून खुशाल बसलेला असे आणि चेंडू जवळून गेला तर त्याच्याकडे पाव्हण्यासारखा बघे.

सात षटकं झाली की हाक यायची. मग धाऊ बिडी विझवून कानावर ठेवायचा, चपला काढायचा आणि अनवाणी पळत येऊन सहा चेंडू फलंदाजाच्या अंगठ्यावर टाकायचा. गोठ्याच्या दाराखालून मुंगूस निघावं तसा चेंडू बॅटखालून निघे. अठ्ठ्याण्णव साली मुरबाडच्या फायनलला समोरच्यांना पाच धावा हव्या होत्या. धाऊने दोन दिल्या आणि तीन दांड्या उडवल्या. नऊ वर्षांत शेवटच्या षटकात त्याला कुणी चौकार मारला नाही. एवढीच त्याची इस्टेट.

ही सवय घरातही शिरली. भातलावणीला शेवटचं खाचर उरलं की धाऊ चिखलात उतरायचा, आणि बांधावर चढताना सगळं रान आपणच लावलं असा चेहरा करायचा. बायको हौसा म्हणायची, "आपल्या लग्नाला तेवढा टायमावर आला. तो पण भूक लागली होती म्हणून."

पुढे गुडघा गेला आणि धाऊचं खेळणं सुटलं. दोन हजार सातला मंडळाचा अध्यक्ष संदेश घरी आला. स्पर्धेत धाऊचा सत्कार ठरला होता, शाल-श्रीफळ. मात्र आधी उद्घाटनाचा चेंडू टाकायचा होता, आणि बॅटिंगला तालुक्याचे एक साहेब. मैदानाला रोलर देतो म्हणून साहेबांनी शब्द दिला होता.

"धाऊकाका, हलकासा टाका. साहेबांचा चौकार गेला पायजे. फटाके आणलेत."

हौसा चुलीपासून म्हणाली, "बघ बाबा. शाल पायजे का नाव पायजे?"

धाऊने रात्रभर विचार केला आणि स्वतःची समजूत घातली. चेंडू पहिला आहे. आपलं नाव शेवटच्या षटकाचं. पहिल्यात चार गेले तर कुठे बिघडतं? सकाळी तो हसतमुखाने मैदानावर गेला.

साहेब नऊला येणार होते. दहा वाजले, बारा वाजले. शेवटी संदेशने सामने सुरू केले, पण खेळपट्टीच्या तोंडाशी बांधलेली फीत सोडायची कुणाची छाती होईना. प्रत्येक फलंदाज फितीखालून वाकून आत जाई आणि आउट झाला की वाकून बाहेर येई. दिवसभर असं बिनउद्घाटनाचं क्रिकेट चाललं.

साहेब आले पाच वाजता. फायनलची सात षटकं संपली होती. संदेशने खेळ थांबवला, फीत कापून घेतली आणि धाऊच्या हातात चेंडू दिला.

धाऊने फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर लिहिलं होतं: शेवटचं षटक. त्याचा हात आपोआप चपलांकडे गेला.

"काका, हलकासा," संदेश पुटपुटला.

चेंडू साहेबांच्या बुटाजवळून गेला आणि मधली दांडी उडाली. अंपायर दामूमास्तरांची बदली साहेबांच्या हातात होती. मास्तरांनी हात आडवा केला. नो बॉल.

"मास्तर, मी जन्मात नो बॉल टाकला नाय."

"आज टाकलास."

दुसरा चेंडू, तीच दांडी. तिसरा, पुन्हा तीच. मास्तरांचा हात आडवाच राहिला होता, खाली घेण्याची तसदी त्यांनी सोडली. संदेश हात जोडून उभा राहिला. धाऊला त्याचं तोंड बघवेना. गुडघाही ठणकत होता. चौथा चेंडू त्याने खरोखर हळू टाकला, लहान पोराला टाकावा तसा. साहेबांनी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू टप्पा खाऊन, जरा विसावा घेऊन, दांडीला जाऊन टेकला.

"नो बॉल," मास्तर म्हणाले.

एका नो बॉलची एक धाव. कॉमेंटेटरने हिशोब जमवला आणि माइकवर सांगितलं, साहेबांच्या चार धावा झाल्या. फटाके फुटले. साहेबांनी बॅट उंचावून लोकांना दाखवली आणि धाऊला शाल घातली.

घरी येताना धाऊ लंगडत म्हणाला, "हौसा, बॅटीला एक पण नाय लागला."

"माहीत हाय मला," हौसा म्हणाली, "मी बघत होती." आणि त्याच्या खांद्यावरून घसरणारी शाल तिने नीट केली.

रोलर अजून यायचाय.